पकडणाऱ्याचा जामीन

जामीन हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें आरोपी उभा राहतो. पोलिसांनीं पकडलेला मनुष्य, त्याला सोडवावयास कचेरींत आलेला त्याचा भाऊ किंवा शेजारी, आणि कारकुनानें सहीसाठीं पुढें सरकविलेला कागद. आजच्या भाषणाचा विषय नेमका याच्या उलट आहे. ज्याच्या हातीं लोकांना पकडण्याची सत्ता द्यावयाची, त्या अधिकाऱ्यानेंच आधीं जामीन आणावा, आणि तो आणीपर्यंत त्याला अधिकाराची शपथ घेऊं देऊं नये, अशी एक चाल इंग्लंडांत आणि विशेषतः अमेरिकेंत फार काळ चालत आली. तिचा इतिहास कायद्याच्या जाड पुस्तकांत विखुरलेला आहे. पण त्यांतलीं माणसें पाहिलीं कीं तो कोरडा राहत नाहीं.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या जुन्या दफ्तरांत जामिनाचे प्रकार कांहीं थोडेथोडके नाहींत. माणूस वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. आणि अमक्याची पुढची वर्तणूक सरळ राहील अशी हमी घेणारा तो फैलजामीन. शेवटचे दोन शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें जी हकीगत सांगावयाची आहे तींतील सारा गुंता एवढाच आहे कीं, सरकारनें अधिकाऱ्याकडून घेतला तो होता मालजामीन, आणि लोक मात्र त्याला फैलजामीन समजून बसले.

मुंबईकरांना शेरीफ म्हटला म्हणजे पाहुण्यांचें स्वागत करणारा, शहराच्या वतीनें सभा बोलावणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ आठवतो. मूळ शेरीफ असा शोभेचा नव्हता. इंग्लंडांत प्रत्येक शायरमध्यें, म्हणजे आपल्या एखाद्या परगण्याएवढ्या मुलखांत, तो राजाचा कारभारी असे. राजाचा वसूल गोळा करणें, न्यायालयाचे हुकूम बजावणें, जप्त्या करणें, तुरुंग संभाळणें हीं सारीं कामें त्याच्याकडे होतीं. ईस्टर आणि मायकेलमस या दोन सणांच्या सुमारास तो राजाच्या खजिन्यापुढें हिशेबाला उभा राही. तेथल्या मेजावर बुद्धिबळाच्या पटासारखें चौकड्यांचें कापड अंथरलेलें असे, आणि त्यावर सोंगट्या मांडून त्याची जमाबाकी निघे. बाकी निघाली तर ती त्याच्याकडून वसूल होई. म्हणजे या अधिकाऱ्याकडे पाहण्याची राजाची पहिली दृष्टि हिशेबनिसाची होती.

तुरुंगाच्या बाबतींतही तोच न्याय लागू होता. न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून कर्जापायीं तुरुंगांत घातलेला ऋणको जर पळून गेला, तर त्याचें सगळें कर्ज शेरीफानें आपल्या पदरचें भरावें असा इंग्रजी कायदा होता. सबबी दोनच चालत : दैवी आपत्ति, किंवा राजाच्या परकीय शत्रूनें केलेला हल्ला. तुरुंगावर वीज पडली तर शेरीफ सुटला. पण राज्यांतल्याच दंगेखोरांनीं दार फोडून कैदी नेला, तर ती सबब उपयोगी पडत नसे. कारण स्वतःच्या मुलखांतला जमाव आवरणें हें तर त्याचें कामच. ही गोष्ट पुढें एका निराळ्या प्रसंगीं आठवावयाची आहे.

शेरीफ अशा रीतीनें गळ्यापर्यंत अडकलेला असल्यामुळें तो आपल्या हाताखालच्यांना मोकळें कसा सोडील ? हुकूम बजावणाऱ्या आणि ऋणकोंना धरून आणणाऱ्या बेलिफांकडून तो जामीनकतबे लिहून घेई. ब्लॅकस्टन या प्रसिद्ध विधिपंडितानें १७६५ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, असे कतब्यानें बांधलेले म्हणून हे ‘बाउंड बेलिफ’, आणि सामान्य लोकांनीं त्या नांवाचा अपभ्रंश करून पुष्कळच घरगुती शब्द बनविला आहे. तो घरगुती शब्द ब्लॅकस्टननें कागदावर उतरविला नाहीं, मीही येथें उच्चारीत नाहीं. पळणाऱ्या ऋणकोच्या मागोमाग धांवणाऱ्या माणसाला तो शोभून दिसे, एवढेंच सांगतों.

इंग्लंडांतून ही चाल समुद्रापार गेली, आणि तेथें तिला खरा जोम आला. अमेरिकेचें नवें संघराज्य उभें राहिलें त्याच वर्षीं, १७८९ मध्यें, न्यायखात्याचा पहिला कायदा झाला. त्यानें प्रत्येक जिल्ह्याला एक मार्शल दिला. मार्शल म्हणजे संघराज्याच्या न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी. काम हातीं घेण्यापूर्वीं त्यानें त्याच जिल्ह्यांत राहणारे आणि स्वतःची जमीन असलेले दोन भरंवशाचे जामीन द्यावे, न्यायाधीशानें ते पसंत करावे, आणि रक्कम असावी २०,००० डॉलर, असें कायद्यानें सांगितलें. ही रक्कम केवढी होती तें असें समजेल : देशांतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाचें वार्षिक वेतन त्या वेळीं ४,००० डॉलर होतें. हा जामीनकतबा मार्शलच्या हाताखालच्या माणसांच्या वर्तनासही लागू होता. जामिनांची जबाबदारी एकत्र आणि प्रत्येकाची पृथक्, अशी दुहेरी होती. म्हणजे एक जामीन बुडाला तर दुसऱ्याच्या मानेवर सगळा बोजा.

या कागदाची घडण थोडी चमत्कारिक असे. त्यांत प्रथम लिहीत कीं, आम्ही अमुक इतके डॉलर सरकारचें देणें लागतों. मग खालीं अट येई : अधिकाऱ्यानें आपलें काम इमानानें केलें तर हा कागद रद्द समजावा, एरव्हीं तो पुरा लागू. म्हणजे कर्ज आधींच मान्य केलेलें, आणि इमान हीच त्याची फेड. १८०६ सालीं आणखी एक पाऊल पुढें पडलें. मार्शलच्या गैरवर्तनानें ज्याचें नुकसान झालें अशा कोणाही खासगी इसमानें त्या कतब्यावर दावा आणावा, अशी मुभा कायद्यानें दिली. सरकारच्या पेटींतला कागद आतां रस्त्यावरच्या माणसाच्या कामीं येऊं लागला.

निरनिराळ्या संस्थानांतूनही, म्हणजे त्या देशाच्या घटक राज्यांतूनही, शेरीफ आणि गांवोगांवचे कॉन्स्टेबल यांच्याकडून असेच कतबे घेत. चालू व्यवहारांत ते कसे वापरले जात याचें एक उदाहरण सुदैवानें फार प्रसिद्ध माणसाचें आहे. १८८१ च्या ऑक्टोबरांत ॲरिझोनांतील टूमस्टोन गांवीं जी बंदुकीची चकमक झाली, तिच्यावर पुढें किती चित्रपट निघाले याची मोजदाद नाहीं. तींतला वायट अर्प हा त्याआधीं बारा वर्षें, १८६९ च्या नोव्हेंबरांत, मिसूरी राज्यांतल्या लामार या लहान गांवीं कॉन्स्टेबल झाला. जागा बापानें मोकळी केली होती. कतबा १,००० डॉलरचा. जामीन तीन — बाप, चुलता आणि गांवांतला आणखी एक जण. पुढें निवडणूक लागली तेव्हां प्रतिस्पर्धी निघाला तो सावत्र भाऊ. वायटला १३७ मतें पडलीं आणि भावाला १०८. एकाच घरांत उमेदवार, प्रतिस्पर्धी आणि जामीन ! आपल्याकडील कांहीं गांवांची कोणाला आठवण झाली तर मी दोष देणार नाहीं.

१८७१ च्या मार्चांत या कॉन्स्टेबलावर लागोपाठ दोन दावे दाखल झाले. परवान्यांची फी गोळा करणें हें त्याचें एक काम होतें, आणि त्या पैशावर शाळा चालत. ती फी भरणा केली नाहीं असा पहिला दावा काउंटीनें आणला. दुसरा दावा एका गांवकऱ्याचा. त्याचें म्हणणें असें कीं, हुकूमनाम्याप्रमाणें आपण पैसे दिले, पण अर्पनें कागदावरचा आंकडा बदलून वीस डॉलर कमी दाखविले. ती तूट भरून काढण्यासाठीं आपलें गवत कापण्याचें यंत्र जप्त होऊन ३८ डॉलरला विकलें गेलें, आणि त्याची खरी किंमत ७५ डॉलर होती. त्या सुमारास अर्पनें लामार सोडलेंच होतें. या दाव्यांत रक्तपात नाहीं, शौर्य नाहीं, त्यामुळें चित्रपटवाल्यांना त्यांचा उपयोग झाला नाहीं. पण जामीनकतब्याची खरी दुनिया हीच होय. शाळेची फी, वीस डॉलरची खाडाखोड, गवत कापण्याचें यंत्र. एका माणसावरील जप्तीच्या हुकुमाखालीं मार्शलनें भलत्याचाच माल उचलून नेला, तर त्याचे जामीन भरपाई देण्यास बांधलेले आहेत, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८८४ सालीं ठरविलें. मालाच्या बाबतींत हा कागद चोख होता.

परंतु माणसाच्या बाबतींत काय ? हा प्रश्न याच न्यायालयापुढें पूर्वींच येऊन गेला होता. मेरीलँड राज्यांत पोटोमॅक नदीकांठीं वेव्हर्टन म्हणून एक गांव आहे. तेथें पॉटल नांवाचा गृहस्थ आपल्या कामासाठीं गेला असतां एका जमावानें त्याला अडविलें, आणि पैसे दिल्यावांचून पाऊल उचलशील तर खबरदार, अशी धमकी दिली. पॉटलचें म्हणणें असें कीं, काउंटीचा शेरीफ साउथ याच्याकडे आपण संरक्षण मागितलें. जमावाचें वर्तन त्याला ठाऊक होतें. तरी त्यानें हात हालविला नाहीं. चार दिवस तो त्या लोकांच्या कबजांत राहिला आणि २,५०० डॉलर मोजून सुटला. मग त्यानें शेरीफाच्या जामीनकतब्यावर दावा आणला. खालच्या न्यायालयांत तो जिंकला. १८५६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला.

न्यायमूर्ति ग्रायर यांनीं दिलेलें कारण थोडक्यांत असें. शेरीफाचीं कामें दोन जातींचीं. हुकूम बजावणें, जप्ती करणें, कैदी संभाळणें हीं कामें तो अमुक एका माणसासाठीं करतो. त्यांत चुकला तर त्या माणसाला भरून देईल. शांतता राखणें हें काम मात्र तो सगळ्या जनतेसाठीं करतो. त्यांत कसूर केली तर सरकारनें त्याच्यावर फौजदारी खटला करावा, पण एकट्यादुकट्यानें नुकसानभरपाई मागूं नये. शांतिरक्षणांत कसूर झाली म्हणून शेरीफावर दिवाणी दावा यशस्वी झाल्याचें एकही उदाहरण शतकानुशतकांच्या कायद्यांत आढळत नाहीं, असा त्यांचा भर होता.

हा युक्तिवाद नीट जुळलेला आहे हें मला मान्य आहे. शेरीफानें अडविलें नाहीं अशा प्रत्येक मारामारीचा खर्च त्याच्या शेजाऱ्यांच्या शेतीवर बसता, तर कोणीही शहाणा मनुष्य जामीन राहिला नसता. तरीही पळालेल्या ऋणकोचा तो जुना नियम यापुढें ठेवून पाहावा. जमावानें तुरुंग फोडून कर्जदार नेला, तर सावकाराचे पैसे शेरीफ भरणार, आणि ‘जमाव मोठा होता’ ही सबब चालणार नाहीं. पण त्याच जमावानें एका माणसाला चार दिवस कोंडलें आणि शेरीफ पाहत राहिला, तर त्याच्या कतब्याला धक्का नाहीं. कैद्याला किंमत होती, कारण तो कोणाचें तरी देणें लागत होता. मोकळ्या माणसाला त्या हिशेबांत खातेंच नव्हतें. न्यायालयानें कायदा वाकविला असें मला वाटत नाहीं ; त्यानें मालजामिनाला मालजामीन म्हटलें, इतकेंच.

याहून जुन्या काळीं ही उणीव निराळ्या रीतीनें भरून निघे. इंग्लंडांत १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यानें, दरोडेखोर हाजिर केले नाहींत तर त्या टापूंतल्या सर्व लोकांनीं मिळून नुकसान भरावें असें ठरविलें होतें. आपल्या दक्षिणेंतही चोरीचा माग काढीत रामोशी किंवा जागल्या दुसऱ्या गांवच्या शिवेपर्यंत जाई. माग तेथें पोंचला तर जबाबदारी त्या गांवावर, आणि आपल्याच शिवेंत हरवला तर भरपाई आपल्या माथीं. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखासंबंधीं १८१९ सालीं लिहिलेल्या अहवालांत एल्फिन्स्टननें या पद्धतीचें वर्णन केलें आहे. या व्यवस्थेंत अन्याय पुष्कळ होता. गरीब रखवालदाराकडून श्रीमंताची चोरी कशी भरून यावी? पण जमाव हा कोणाचाच नाहीं, असें म्हणण्याची सोय तींत नव्हती.

आतां या हकीगतीचा सर्वांत कटु भाग. जामीन कोणीं राहावें ? ज्याच्याजवळ जमीन आहे त्यानें. अमेरिकेंतील यादवी १८६५ त संपली, गुलाम मोकळे झाले, आणि १८६७ पासून दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय पुरुष मतें देऊं लागले. जेथें त्यांची संख्या अधिक, तेथें त्यांचा मनुष्य शेरीफ निवडून येणें साहजिकच होतें. मिसिसिपींत तर शेरीफच कर गोळा करी. म्हणून त्याचा कतबा जबर रकमेचा. मतें नव्या नागरिकांजवळ होतीं, पण जमिनी जुन्या मालकांजवळच राहिल्या होत्या. निवडणूक हरलेल्या पक्षाला एक सोपी युक्ति सांपडली. बंदूक नको, दंगा नको. कतब्यावर सही करावयाची नाहीं, आणि कोणी करूं लागला तर त्याला वाळींत टाकावयाचें. मतपेटींत जिंकलेला उमेदवार जामिनावांचून दाराबाहेर उभा राही.

नुसत्या सहीच्या नकारानें जेथें भागलें नाहीं, तेथें काय झालें हें व्हिक्सबर्गनें पाहिलें. तेथल्या वॉरेन काउंटीचा शेरीफ पीटर क्रॉस्बी हा पूर्वीं गुलाम होता, आणि यादवींत संघराज्याच्या सैन्यांत लढला होता. १८७४ च्या अखेरीस कर गोळा करण्याचे दिवस जवळ आले तेव्हां गोऱ्या करदात्यांच्या संघानें त्याच्याविरुद्ध जे आक्षेप काढले, त्यांत एक ठळक आक्षेप हा होता कीं, त्याचा जामीनकतबा अपुरा आहे, आणि अशा माणसाच्या हातीं कराचा पैसा कसा द्यावा ? वरकरणीं हा आक्षेप कायदेशीर होता. पण अपुरा कतबा पुरा करण्याचा मार्ग ज्यांच्या हातीं, तेच तो अपुरा म्हणून ओरडत होते. २ डिसेंबरला सुमारें पांचशें माणसें न्यायकचेरीवर चालून गेलीं आणि क्रॉस्बीकडून त्याच्या राजीनाम्यावर सही करून घेतली. तो राजधानीला जाऊन गव्हर्नर एम्स यांना भेटला. ७ डिसेंबरला त्याच्या बाजूचे शेतकरी शहराकडे येऊं लागले, तेव्हां शहराबाहेर त्यांच्यावर गोळ्या चालल्या. प्रतिनिधिसभेच्या चौकशी-समितीनें मृतांची संख्या कृष्णवर्णीय २९ आणि गोरे २ अशी धरली. इतर अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत. १८७५ च्या जानेवारींत संघराज्याचें सैन्य आलें आणि क्रॉस्बी पुन्हां आपल्या जागेवर बसला. जूनमध्यें त्याच्याच कचेरींतल्या एका गोऱ्या दुय्यम अधिकाऱ्यानें त्याच्या डोक्यांत गोळी घातली. तो मेला नाहीं. पण त्याच वर्षीं झालेल्या निवडणुकींत दहशतीच्या जोरावर मिसिसिपीची सत्ता विरुद्ध पक्षाकडे गेली.

पुढें ही जमीनदारांची सही मागें पडली ती दयेमुळें नव्हे, तर व्यापारामुळें. नोकरांच्या इमानाची हमी फी घेऊन देणारी पहिली संस्था लंडनमध्यें १८४० सालीं निघाली होती. अमेरिकेच्या काँग्रेसनें १८९४ च्या १३ ऑगस्टला कायदा करून अशा कंपन्यांचा जामीन सरकारी कामांत ग्राह्य ठरविला. मग चुलता नको आणि शेजारीही नको. वार्षिक हप्ता भरला कीं कागद तयार. हप्ताही पुष्कळ ठिकाणीं काउंटीच भरूं लागली. ज्याच्या शेताचा लिलांव होऊं शकतो असा शेजारी अधिकाऱ्यावर नजर ठेवतो. कंपनी आंकडेवारीवर नजर ठेवते. या बदलानें अधिकाऱ्याची वाट पुष्कळ सोपी झाली आणि गरीब उमेदवाराचा अडसरही कांहींसा निघाला, हें दोन्ही खरें.

जमावाच्या हातून मरणाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेंत एक कलम होतें : जमावानें कैद्याला ठार मारलें तर त्याच्या वारसांना काउंटीनें निदान २,००० डॉलर द्यावे. ज्या सभेनें कृष्णवर्णीयांचें मत काढून घेण्याची तजवीज केली, तिनेंच हें कलम लिहिलें ; आणि पैसे काउंटीचे, शेरीफाच्या जामिनाचे नव्हेत. विंचेस्टरचा जुना न्याय सहाशें वर्षांनीं असा परत आला.

संघराज्याच्या नोकरांचे वैयक्तिक जामीनकतबे १९७२ च्या कायद्यानें बंद झाले. कित्येक राज्यांत शेरीफ अजूनही शपथेपूर्वीं कतबा दाखल करतो, पण आजच्या दाव्यांच्या मानानें त्याची रक्कम क्षुल्लक असते. अलीकडे ही जुनी कल्पना नव्या वेषांत पुन्हां पुढें आली. मिनियापोलिस शहरांतल्या कांहीं नागरिकांनीं २०१६ सालीं सूचना मांडली कीं, प्रत्येक पोलिसानें आपल्या वर्तनाचा विमा स्वतः उतरवावा ; ज्याच्याविरुद्ध तक्रारी वाढतील त्याचा हप्ता वाढेल, आणि एक दिवस कोणी त्याचा विमा घेणार नाहीं. फैलजामीन म्हणतात तो हाच. नगरसभेनें सूचना मतदानाला ठेवण्याचें नाकारलें, आणि मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तें उचलून धरलें ; कारण राज्याच्या कायद्याप्रमाणें नोकराच्या वतीनें भरपाई करण्याचें कर्तव्य नगरपालिकेचें होतें. २०२० च्या २५ मे रोजीं त्याच शहराच्या एका रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखालीं मरण पावला. पुढच्या मार्चांत नगरपालिकेनें त्याच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. ती रक्कम शहराच्या तिजोरींतून गेली.